आभाळातल्या इंटरनेटचा नाका कुठं?
भूम तालुक्यातल्या एका ठरावाचं प्रकरण

नोव्हेंबर २०२५च्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीची मासिक सभा झाली. गाव धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर, बीड जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. नाव मुद्दाम देत नाही. विषयपत्रिकेवर सात विषय होते आणि सहावा असा होता : ‘ग्रामपंचायत, शाळा व आरोग्य उपकेंद्रासाठी उपग्रहावरील इंटरनेट मिळणेबाबत मागणी करणे.’ सूचक, अनुमोदक, मंजूर आणि चहा, असा पाच मिनिटांत उरकणारा विषय. तो दीड तास चालला, कारण निवृत्त गुरुजींनी मध्येच हात वर केला.

“पुन्हा नेट बंदचा हुकूम निघाला, तर हे आभाळातलं नेट बंद कोण करणार? कलेक्टर?”

वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी गावी आलो होतो, आणि सरपंच आप्पा नात्यानं चुलते लागतात म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आप्पा म्हणाले, “तू पुण्याला ह्याच्यातच काम करतूस ना? सांग की मग.”

मी नेटवर्क इंजिनिअर आहे. डिश कशी बसवायची, वेग किती मिळेल, हे मला सांगता आलं असतं. बटण कुणाच्या हातात, ते मात्र सांगता आलं नाही. विषय पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला. मधल्या पंधरा दिवसांत मी जे वाचलं आणि जुळवलं, ते इथे मांडतो आहे.

गावातलं नेट

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. आमच्या कार्यालयात फायबर आलं, भिंतीवर पेटी बसली, दिवा लागला. मग रस्ता रुंदीकरणाच्या कंत्राटदाराच्या जेसीबीनं ओढ्याजवळ केबल उखडली. जोडायची कुणी, यावर टोलवाटोलवी सुरू झाली आणि घोंगडं भिजत पडलं. आता पेटीवर गणपतीचा फोटो टेकवलेला आहे.

उरला मोबाइल टॉवर. आम्हाला रेंज देणारा टॉवर पलीकडच्या डोंगरावर, म्हणजे बीड जिल्ह्यात आहे. वीज गेली की बॅटरीवर दोन-तीन तास चालतो. २०२५च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, सोलापूर भागात जो महापूर आला, परंड्याकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, तेव्हा आमच्याकडे तीन दिवस रेंज नव्हती. पूर ओसरला, पंचनामे सुरू झाले, आणि नेमकी त्याच सुमाराला लाडक्या बहिणींची ई-केवायसी आली. सेवा केंद्र चालवणारी आमची ताई लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीवर चढायची. खाली बायांची रांग असायची. वरून ताई ओरडायची, “मावशे, ओटीपी आला का?” खालून उत्तर यायचं, “गोल फिरायलंय बाई नुस्तं!”

म्हणून ५ नोव्हेंबरची बातमी गावात वाऱ्यासारखी पसरली. त्या दिवशी राज्य सरकारनं उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक या कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. दुर्गम भागातल्या शाळा, आरोग्य केंद्रं, आपले सरकार केंद्रं जोडायची, आणि जिल्ह्यांच्या नावांत गडचिरोली, नंदुरबार, वाशिमसोबत धाराशिवही होतं. सुरुवातीचा टप्पा प्रायोगिक, ९० दिवसांचा. आप्पांनी लगेच विषय घेतला. त्यांची घाई मला समजते. यादीत जिल्ह्याचं नाव आहे म्हटल्यावर गावाचा अर्ज पहिला गेलेला बरा.

इरादापत्रात एक वाक्य होतं, ते गावात कुणी वाचलं नव्हतं : केंद्राच्या परवानग्यांच्या अधीन राहून. घटनेच्या सातव्या अनुसूचीत तार, टेलिफोन, बिनतारी हे सगळं केंद्राच्या सूचीत आहे. राज्य सरकार या खेळात गिऱ्हाईक आहे. मोठं असलं तरी गिऱ्हाईकच. गुरुजींच्या प्रश्नातला ‘कलेक्टर’ तिथेच गळतो.

करोडगिरी

आजीच्या तोंडी एक शब्द असायचा, करोडगिरी. बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि आमचा भाग निजामाच्या. बाजाराला बार्शीला जायचं तर हद्दीवर निजामाचा जकात नाका लागायचा, त्या खात्याला करोडगिरी म्हणत. इकडं नाणं हाली शिक्का, तिकडं कलदार रुपया. मीठ, कापड, चहा, जे काही हद्द ओलांडेल ते नाक्यावर थांबायचं. सत्ता दूर हैदराबादेत होती, पण माणसाला ती भेटायची नाक्यावरच.

इंटरनेटला हद्द नाही, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. ते खरं नव्हतं. समुद्राखालच्या केबली मुंबईला, चेन्नईला, कोचीला किनाऱ्यावर येतात, तो एक नाका. कंपन्या एकमेकींना जिथं जोडल्या जातात ती एक्स्चेंजं हा दुसरा, आणि गावाबाहेरचा टॉवर हा तिसरा. प्रत्येक नाका कुठल्या ना कुठल्या सरकारच्या जमिनीवर उभा असतो, त्याला कुलूप असतं, वीजबिल असतं, आणि नोटीस घ्यायला एक माणूस असतो. जगातला इंटरनेटचा सगळा कारभार या जमिनीवरच्या खुंट्यांना बांधलेला आहे.

उपग्रहानं नेमकं इथंच कोडं घातलं. तसा उपग्रह आपल्याला नवा नाही. तालुक्याच्या बँकेच्या गच्चीवरची व्हीसॅटची छत्री सगळ्यांनी पाहिली आहे. ती ज्या उपग्रहाकडे तोंड करून बसते तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आपल्या लेखी एकाच जागी टांगलेला. एवढ्या लांबून जाऊन यायला सिग्नलला अर्धा सेकंद लागतो, त्यामुळे बोलताना शब्द एकमेकांवर आदळतात. स्टारलिंकचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात. भूमपासून दिल्ली याच्या दुपटीहून लांब आहे. इतक्या खाली असल्यामुळे ते सेकंदाला साडेसात किलोमीटरनं पळतात, एक उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाआड जातो, आणि डिश पुढचा पकडते. म्हणून हजारो लागतात. पहिले ६० उपग्रह मे २०१९ मध्ये सुटले, आणि इरादापत्रावर सही झाली तेव्हा वर आठ हजारांहून जास्त फिरत होते.

डिशकडून उपग्रहाकडे, उपग्रहाकडून जमिनीवरच्या गेटवेकडे, म्हणजे सिग्नल उतरवून घेणाऱ्या केंद्राकडे, आणि तिथून नेहमीच्या इंटरनेटमध्ये, असा हा रस्ता आहे. मग नाका म्हणजे गेटवे, असं वाटेल. पण नव्या उपग्रहांमध्ये आपसात लेझरचा दुवा आहे. आमच्या गावातून वर गेलेली माहिती आभाळातल्या आभाळात चार उपग्रह ओलांडून दुसऱ्याच देशात खाली उतरू शकते. बार्शीचा नाका बाजूला ठेवून माल पतंगानं उडवावा तसं.

भारत सरकारनं गेली काही वर्षं जे केलं त्याचा अर्थ मला या चित्रावरून लागला. कंपनीनं २०२१ मध्ये परवान्याशिवायच इथं आगाऊ नोंदणी घ्यायला सुरुवात केली होती. त्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागानं लोकांना सावध केलं आणि घेतलेले पैसे परत करायला लावले. परवाना मिळाला तो जून २०२५ मध्ये, अवकाश क्षेत्राच्या नियामकाची मंजुरी जुलैत, पाच वर्षांसाठी. त्याआधी मे महिन्यात सरकारनं सुरक्षेच्या अटींची लांबलचक यादी काढली. भारतातल्या डिशची रहदारी भारतातल्याच गेटवेमधून जावी. लेझरनं परस्पर बाहेर जाता कामा नये. नावाचा पत्ता शोधणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, देशातच असावी. कायद्यानं मागितलं तर संभाषण तपासता यावं. डिश कुठं आहे ते सांगता यावं. बाहेर देशातून आणलेली, नोंद नसलेली डिश इथं चालू नये. २०२९पर्यंत ठिकाण सांगणाऱ्या स्वदेशी ‘नाविक’ उपग्रह प्रणालीचा आधार असावा.

या सगळ्या अटींचा अर्थ एवढाच की आभाळातला नाका ओढून जमिनीवर आणायचा. भारतच नव्हे, परवाना देणारा जवळजवळ प्रत्येक देश थोड्याफार फरकानं हेच करतो. साऱ्या पृथ्वीवर एकच जाळं टाकणारं तंत्रज्ञान, आणि त्याचे देशागणिक तुकडे.

गुरुजींचा प्रश्न

२६ फेब्रुवारी २०२४. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत इंटरनेट बंद करण्यात आलं. धाराशिवचं नाव त्यात नव्हतं. तरी आमच्या गावात नेट गेलं. का, ते वर आलंच आहे : गाव धाराशिवात आणि टॉवर बीडमध्ये. गुरुजींची नात बारावीला. तिची ऑनलाइन शिकवणी बुडाली, आणि तेव्हापासून ‘आमचा काय संबंध?’ हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आहे.

तो हुकूम चालतो कसा? नियमाप्रमाणे इंटरनेट बंदीचा आदेश केंद्राचे किंवा राज्याचे गृह सचिव काढतात. निकड असेल तर त्यांनी अधिकार दिलेला वरिष्ठ अधिकारी. कलेक्टर आणि पोलीस अधीक्षक शिफारस करतात. आधी २०१७चे नियम होते, आता २०२३च्या दूरसंचार कायद्याखाली २०२४चे आले. आदेश लेखी आणि कारणांसह हवा, तो समितीपुढे तपासला जावा. काश्मीरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० रोजी सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतील आणि बेमुदत बंदी चालणार नाही. आदेश निघाला की तो मोबाइल कंपन्यांच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे जातो आणि त्या जिल्ह्यातले टॉवर गप्प होतात. टॉवर गप्प झाला की त्याच्या छायेतलं सगळं गप्प, मग गाव कुठल्याही जिल्ह्यातलं असो.

उपग्रहाच्या बाबतीत उलटं आहे, आणि माझा अंदाज इथंच चुकला होता. मला वाटायचं, आभाळातलं नेट बंद करणं अवघड. परवान्याखालच्या कंपनीला ते टॉवरवाल्यांपेक्षा सोपं आहे. प्रत्येक डिश स्वतःचं ठिकाण कळवत असते, त्यामुळे बीडची हद्द जिथं संपते तिथपर्यंतच्या डिशा बंद आणि ओढ्याअलीकडची आमची चालू, असं सॉफ्टवेअरमधून करता येतं. गुरुजींचं मूळ गाऱ्हाणं, की दुसऱ्या जिल्ह्याच्या हुकुमात आम्ही का भरडायचं, ते सुटेल. पण तोच नेम धरून एकटं गाव, एकटी शाळा, एकटी डिशही बंद करता येईल. टॉवर बंद केला तर तालुका बोंबलतो आणि बातमी होते. एक डिश मुकी झाली तर कोण ओरडणार?

म्हणजे गुरुजींच्या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर असं : हुकूम मुंबईच्या मंत्रालयातून किंवा दिल्लीतून निघेल, आणि बटण अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दाबलं जाईल. हुकूम आणि बटण यांत एवढं अंतर याआधी कधी नव्हतं. टॉवर बंद करणारा इंजिनिअर निदान इथल्या हद्दीत राहतो, इथल्या कोर्टाला उत्तर देतो.

बटणवाल्यानं ऐकलं नाही तर?

हे तीन ठिकाणी घडून गेलं आहे आणि तिन्हीकडचा धडा वेगळा आहे. मी सभेत ते सांगितले तेव्हा ब्राझीलवर सगळ्यात जास्त वेळ गेला, इथेही तसंच होणार.

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलेक्झांद्रे द मोराएस यांनी एक्स हे समाजमाध्यम देशात बंद करायचा आदेश दिला. एक्स आणि स्टारलिंक, दोन्हींमागे इलॉन मस्क. एक्सचा दंड वसूल होईना म्हणून न्यायालयानं स्टारलिंकची देशातली खाती गोठवली. आता एक्स अडवायचं तर प्रत्येक इंटरनेट कंपनीनं आपल्या जाळ्यात अडवायला हवं. सगळ्यांनी अडवलं. स्टारलिंकनं मात्र आधी कळवलं की खाती मोकळी केल्याशिवाय आम्ही अडवणार नाही. देशात तिचे अडीच लाखांच्या आसपास ग्राहक, त्यांतले बरेच ॲमेझॉनच्या जंगलभागात, जिथं दुसरी वायरच नाही. दोन-तीन दिवस जग बघत राहिलं. ३ सप्टेंबरला कंपनीनं माघार घेतली आणि एक्स अडवलं.

कंपनी का नमली? उपग्रहावर ब्राझीलची सत्ता नव्हतीच. पण जमिनीवर गेटवे होते, बँक खाती होती, आणि परवाना रद्द होऊ शकत होता. नाका होता, म्हणून कायदा चालला. दुसऱ्या बाजूनं पाहा : एका कंपनीचा दंड दुसऱ्या कंपनीच्या खात्यातून, हे न्यायाला धरून होतं का? मला नाही वाटत. आणि त्या दोन दिवसांत ॲमेझॉनच्या काठावरच्या शाळेतल्या बाईंच्या जिवाला काय घोर लागला असेल, ते मी आमच्या टाकीवरच्या ताईवरून ओळखू शकतो.

इराणमध्ये नाकाच नाही. सरकारनं परवाना दिला नाही, तरी चोरट्या वाटेनं डिशा आत गेल्या. इराणनं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे, म्हणजे जिनिव्हातल्या आयटीयूकडे, तक्रार केली. आयटीयूच्या रेडिओ नियमांत साफ लिहिलं आहे की कुठल्याही देशाच्या भूमीवर त्या देशाच्या परवान्याशिवाय प्रक्षेपण करणारं केंद्र चालवता येणार नाही. डिश वरच्या दिशेनं प्रक्षेपण करते, म्हणून तीही आलीच. २०२३-२४ मध्ये आयटीयूच्या नियामक मंडळानं इराणची बाजू उचलून धरली आणि नॉर्वे व अमेरिकेला हे थांबवायला सांगितलं. नॉर्वे का? तर या उपग्रहांच्या काही रेडिओ लहरींची नोंद कंपनीनं नॉर्वेच्या नावावर केलेली होती! पुढे जून २०२५ मध्ये इराणनं देशातलं इंटरनेट आवळलं तेव्हा मस्क यांनी एका ओळीत जाहीर केलं की उपग्रहांच्या सिग्नलचे झोत चालू आहेत. निकाल जिनिव्हाच्या कागदावर राहिला.

हाच नियम भारताच्याही कामाचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपुरात शस्त्रांबरोबर स्टारलिंकचं चिन्ह असलेली डिश सापडली, तेव्हा भारतावर झोत बंद आहेत असं मस्क म्हणाले. ते खरं की कसं, हे तपासायला आपल्याकडे तेव्हा त्यांचा शब्दच होता. त्याच्या थोडं आधी अंदमानच्या समुद्रात अमली पदार्थांनी भरलेली बोट पकडली, तिच्यावरही ही डिश होती. भारतीय म्हणून मला हा नियम हवा आहे. २६ फेब्रुवारीच्या दिवशी बीडच्या टॉवरखाली बसलेला माणूस म्हणून त्याच नियमाची धास्ती वाटते. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि यातून सुटका मला सापडलेली नाही.

युक्रेनचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या मंत्र्यानं ट्विटरवर मागणी केली आणि सेवा सुरू झाली. त्याच वर्षी क्रिमियाजवळ ती सुरू करायला मालकानं नकार दिला. त्या युद्धातली आमच्या भागाला लागू पडणारी गोष्ट दुसरीच आहे. २४ फेब्रुवारीला व्हायासॅट या वेगळ्याच कंपनीच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला, मोडेम निकामी झाले, आणि लांब जर्मनीत सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवरची दुरून ठेवायची नजर तुटली. पाती फिरत होती, पण कंपनीला त्या दिसत नव्हत्या. भूम-वाशीच्या माळावर आता जिकडे तिकडे पवनचक्क्या आहेत, त्यामुळे हा किस्सा सभेला पटकन कळला. बाहेरच्या शत्रूचीही गरज नसते. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला आणि जगभरची सेवा अडीच तास ठप्प झाली. टॉवर गेला तर पंचक्रोशी जाते. हे गेलं तर खंडं जातात.

बसायला जागा कुणाला?

इंटरनेटचे नियम ज्या बैठकांत ठरत आले, तिथं दार बऱ्यापैकी उघडं होतं. तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या मंडळात कुणीही अभियंता ईमेल करून भांडू शकतो. मीही एकदा भांडलो आहे, हरलो. नावांचा आणि पत्त्यांचा कारभार १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकन सरकारच्या देखरेखीतून सुटला आणि सरकारं, कंपन्या, तज्ज्ञ, वापरणारे अशा सगळ्यांच्या मिळून मंडळाकडे गेला. संयुक्त राष्ट्रांचा इंटरनेट कारभारावरचा मंच २००८ साली आपल्या हैदराबादेत भरला होता.

उपग्रह त्या टेबलावर येतच नाही. तो येतो आयटीयूच्या टेबलावर, जिथं मत फक्त देशांना. लहरी आणि कक्षा ही मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहे आणि ती सगळ्या देशांना न्यायानं मिळावी, असं आयटीयूच्या घटनेत लिहिलेलं आहे. व्यवहारात जो आधी नोंद करील त्याचा हक्क आधी. गावच्या नळावर हंडा आधी कुणी ठेवला, तसं. नुसता हंडा ठेवून जागा अडवणाऱ्यांना आवर घालायला २०१९च्या जागतिक रेडिओ परिषदेनं नियम केला की नोंद वापरात आणायची ठरलेली सात वर्षांची मुदत संपल्यावर दोन वर्षांत १० टक्के, पाच वर्षांत निम्मे आणि सात वर्षांत सगळे उपग्रह वर गेलेच पाहिजेत. नियम चांगला आहे. पण ज्याच्याकडे रोज रॉकेट उडवायची ताकद, त्यालाच तो पाळता येतो. पुढची परिषद २०२७ मध्ये शांघायला आहे.

ही तक्रारही जुनीच आहे. १९७६ साली विषुववृत्तावरच्या आठ देशांनी बोगोटा इथं जाहीर केलं की आमच्या डोक्यावरची स्थिर कक्षा आमची. कुणी मानलं नाही. त्याच काळात, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, भारतानं उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग केला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या. आमच्या शेजारच्या गुलबर्गा, विजापूर, रायचूर जिल्ह्यांतली गावं त्यात होती. प्रयोग नावाजला गेला. उपग्रह मात्र अमेरिकेचा, उसना घेतलेला. वर्ष संपलं, त्यांनी तो दुसरीकडे सरकवला, आणि आपल्या लोकांनी त्यातून धडा घेऊन इन्सॅट उभा केला. गुरुजी तेव्हा विशीतले. त्यांनी आळंदकडच्या मावशीच्या गावात तो टीव्ही पाहिला होता आणि बंद झालेलाही पाहिला होता. त्यांचा प्रश्न नुसत्या नेटबंदीबद्दल नव्हता, हे मला इथं उमगलं.

दुसरी बैठक

मी सभेत आधी साध्या गोष्टी सांगितल्या. डिशला ७५ ते १०० वॅट वीज लागते, म्हणजे एक पंखा चोवीस तास. इन्व्हर्टर लागेल. मुसळधार पावसात सिग्नल मंदावतो. आणि ओटीपी एसएमएसनं येतो, एसएमएस टॉवरवरून येतो. डिश आली तरी मावशीचा फोन गोल फिरतच राहील, वायफायवरून कॉल घेणारा हँडसेट असेल तर गोष्ट वेगळी. यावर ताई एवढंच म्हणाली, “म्हंजे टाकी काय सुटत न्हाई.”

मग पैशांचं. दूरसंचार नियामकानं मे २०२५ मध्ये शिफारस केली होती की कंपन्यांनी लहरींपोटी महसुलाच्या ४ टक्के द्यावेत, आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जास्तीचे. खेड्याला ती जास्तीची आकारणी नाही. मोबाइलच्या लहरींचा लिलाव होतो, उपग्रहाच्या लहरी २०२३च्या कायद्यानं सरकार थेट वाटून देऊ शकतं. पण ९० दिवसांनंतर गावानं महिन्याचं बिल कुठल्या निधीतून भरायचं, याला उत्तर नव्हतं. पंधराव्या वित्त आयोगाचं नाव कुणीतरी घेतलं आणि ग्रामसेवकांनी नकारार्थी मान हलवली.

माझं मत मी दिलं : डिश मागा, पण दुसरी वाट म्हणून. पहिली वाट ओढ्याजवळ तुटून पडली आहे, ती आधी जोडून घ्या. फायबर खड्ड्यात असतं, पण तो खड्डा आपल्या शिवारात असतो. एका तरुण सदस्याला हे पटलं नाही. “फायबरची वाट बघत बसलो तर पोरं म्हातारी व्हतील. बटण कुणाकडं का असंना, नेट तर येऊ द्या.” पुरातले तीन दिवस त्याच्या घरात बाळंतीण होती आणि रुग्णवाहिकेला फोन लागत नव्हता. त्याच्यापुढं करोडगिरीचा दाखला द्यायला माझी जीभ रेटली नाही.

ठराव झाला तो असा. एक, तुटलेलं फायबर जोडून मिळावं. दोन, उपकेंद्र आणि शाळेसाठी उपग्रह जोडणी मिळावी, आणि प्रायोगिक मुदतीनंतरचा खर्च कोण करणार ते लेखी कळावं. तीन हा गुरुजींनी स्वतः सांगून लिहून घेतला : ‘सदर सेवा बंद करण्याचा आदेश झाल्यास आरोग्य उपकेंद्राची जोडणी वगळण्यात यावी, व आदेशाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यात यावी.’

ग्रामसेवकांनी जावक नोंदवही उघडली. गटविकास अधिकारी, जिल्हाधिकारी, माहिती तंत्रज्ञान विभाग, दूरसंचार विभाग नवी दिल्ली. पहिल्या मुद्द्यासाठी तालुक्याचा माणूस मोटारसायकलवरून आला आणि दीड तासात केबल जोडून गेला. गणपतीचा फोटो आता टेबलावर आहे. दुसऱ्याला ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव पुढे पाठविले आहे’ असं पत्र आलं. तिसऱ्या मुद्द्यासाठी प्रत कुणाला द्यायची, हे ग्रामसेवकांनी मला तेव्हाच विचारलं होतं. मी दिल्ली म्हणालो, गुरुजी कंपनीलाही म्हणाले, आणि मागून कुणीतरी जिनिव्हा म्हणालं तेव्हा सगळे हसले. वहीत त्या ओळीपुढचा रकाना अजून कोरा आहे.